केसपेपरवरचं वय

माझ्या दवाखान्यात केसपेपरवर नावापुढे लगेच वय लिहायची पद्धत होती. पेशंट आत येऊन खुर्चीवर टेकायच्या आधी मावशी कागद माझ्यासमोर ठेवत आणि माझी नजर पहिल्यांदा त्या दोन आकड्यांवर जाई. छातीत दुखतंय किंवा धडधडतंय म्हणणाऱ्या माणसाचं निम्मं निदान मी तिथेच उरकून टाकत असे. पन्नाशीच्या आसपासचा असेल तर हृदय. विशीतिशीतला असेल तर पित्त, गॅस, अशक्तपणा, नाहीतर टेन्शन. १९९९ पासून मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते आहे. पहिली एकोणीस वर्षं हा हिशोब बहुतेक वेळा बरोबर निघाला, त्यामुळे तो कधी तपासून बघावा असं मला वाटलं नाही.

एप्रिल २०१८ मध्ये, गावोगाव यात्रा चालू असताना, सकाळी नऊच्या सुमारास एक टेम्पोवाला आला. वय ३४. टेम्पो स्वतः चालवत आणून दवाखान्यासमोर लावला होता. "मॅडम, काल पाव्हण्यांकडं यात्रंचं मटण झालं. पित्त खवळलंय बघा. एक इंजेक्शन द्या, माल घेऊन पुण्याला जायाचंय." बोलताना तो उघडा तळहात छातीच्या मधोमध ठेवून गळ्यापर्यंत चोळत होता. तो हात मला आजही दिसतो. शर्ट पाठीला चिकटला होता. एप्रिलचं ऊन म्हणून मी घामाकडे लक्ष दिलं नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या बाकी कुणाचाही शर्ट भिजलेला नव्हता, हे मला दुपारी आठवलं.

मी रक्तदाब बघितला, पोट दाबून बघितलं, शिरेतून पॅन्टोप्राझोल दिलं आणि अँटासिडचे दोन चमचे पाजले. दहा मिनिटांनी त्याला ढेकर आली. "हलकं वाटतंय आता," म्हणाला. केसपेपरवर मी तीन अक्षरं लिहिली, ए. पी. डी., म्हणजे आम्लपित्त. ईसीजीचं मशीन माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होतं, विणलेल्या कव्हराखाली. विम्याचे फॉर्म आणि साठीच्या पुढचे पेशंट, एवढ्यासाठीच ते बाहेर निघायचं. त्या दिवशी त्यातला कागदाचा रोल संपलेला होता आणि जेलीची ट्यूब वाळून कडक झाली होती. म्हणजे मनात आलं असतं तरी मला ईसीजी काढता आला नसता. पण मनात आलंच नव्हतं, आणि माझी खरी चूक ती आहे.

साताऱ्याच्या अलीकडे त्याला उलटी झाली आणि त्याने टेम्पो कडेला घेतला. बरोबर क्लीनर पोरगा होता. त्याने मागून येणारी एक जीप थांबवली आणि याला साताऱ्यात दवाखान्यात पोचवलं. तिथल्या ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका दिसला. डाव्या बाजूची खाली उतरणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. अँजिओप्लास्टी होईपर्यंत दुपारचे दीड वाजले. माझ्यासमोर तो बसला होता, त्याला साडेचार तास होऊन गेले होते. तीन महिन्यांनी टूडी इको केला तेव्हा हृदयाचा पंप ३५ टक्के निघाला. निरोगी माणसात तो ५५ च्या वर असतो.

अँजिओप्लास्टीनंतर आठ दिवसांनी त्याची बायको फाइल घेऊन आली. गोळ्यांच्या वेळा समजावून घ्यायच्या होत्या. मी चिठ्ठीवर वेळा लिहून दिल्या, सकाळी ही, रात्री ही. जाताना दाराशी थांबून ती एवढंच म्हणाली, "मॅडम, आमी आदी तुमच्याकडंच आलो हुतो." आवाजात राग नव्हता. ती मला जाब विचारत नव्हती, तिला बहुधा खरोखरच समजून घ्यायचं होतं, की आपण वेळेवर डॉक्टरकडे जाऊनही असं कसं झालं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. पहिल्यांदा कधीकधी कळत नाही, असं. ते खोटं होतं. बऱ्याच वेळा कळतं, ईसीजी काढला तर.

पुढे तो स्वतः तपासायला आला तेव्हा मी त्याला जे प्रश्न विचारले, ते त्या सकाळी विचारायला एक मिनिट पुरलं असतं. वडील कशाने गेले? शेतात बसल्या बसल्या, जागेवर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तंबाखू? दिवसाला तीन पुड्या, वर चहाबरोबर सिगरेट. आधी असं कधी झालं होतं का? पंधरा दिवसांपूर्वी, पोती चढवताना, थांबल्यावर बरं वाटलं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर त्या घरातल्या तरुण माणसाचं वय विसरायचं, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई आहे. आपल्या लोकांना हा रोग लवकर गाठतो हेही मला ठाऊक होतं. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातले दक्षिण आशियाई लोकांचे आकडे २००७ मध्ये छापून आले. पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९. सरासरी वय ५३ याचा अर्थ बऱ्याच लोकांना त्याच्याही आधी येतो. मी तो लेख वाचला होता, एका सभेत त्यावर बोललेही होते. माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी मी तो जोडला नाही.

ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे पित्तच होतं, हा समज घरोघर आहे आणि तो आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात आहे. छातीतली कळ अँटासिडने कमी झाली यावरून काहीही सिद्ध होत नाही. हृदयाची कळ मध्ये मध्ये आपोआप ओसरते आणि नेमकी त्याच वेळी ढेकर येऊ शकते. अशा माणसाचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत निघाला पाहिजे. झटका दिसला तर अ‍ॅस्पिरिनची तीनशेची साधी गोळी चावून खायला द्यायची, १०८ ला फोन करायचा आणि जिथे दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकेल तिथे पोचवायचं. तेवढ्या वेळात ती होणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणी द्यायचं. ईसीजीची पट्टी नॉर्मल आली आणि कळ चालूच असेल तर अर्ध्या तासाने परत काढायची, रक्तातलं ट्रोपोनिन बघायचं, कारण पहिली पट्टी फसवू शकते. यातलं माझ्या हातात होतं ते पहिलं पाऊल. ते मी उचललं नाही आणि वर त्या माणसाला टेम्पो चालवत जाऊ दिलं.

मे महिन्यात मी मशीन दुरुस्त करून घेतलं आणि कपाटातून काढून तपासणीच्या टेबलाशेजारी ठेवलं. सहा रोल आणले. छातीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची पट्टी काढायची, वय काहीही असो, असं ठरवलं. या निश्चयाने माझी दुसरी चूक उघडी पडली. ती पहिल्या चुकीच्याही आधीपासून चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

आमच्या गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. हुशार. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. २०१६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, बसल्या जागी एकदम धडधड सुरू होते. बटण दाबल्यासारखी. वीस मिनिटं, कधी तासभर चालते आणि बटण बंद केल्यासारखी थांबते." वाकून काही उचललं की बऱ्याचदा सुरू होते, असंही तिने सांगितलं. खोलीतल्या मैत्रिणीला तिच्या गळ्यात ठोके उडताना दिसले होते. माठातलं गार पाणी एका दमात प्यायलं की कधीकधी थांबतं, हेसुद्धा तिने स्वतः शोधून काढलं होतं.

पाठ्यपुस्तकात या आजाराचं वर्णन असतं त्यापेक्षा तिचं वर्णन नेमकं होतं. टेन्शनची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, गळ्यात उडणारी, गार पाण्याने किंवा जोर केल्याने तुटणारी धडधड ही हृदयाच्या विजेतल्या बिघाडाची असते. मुलगी मला निदान हातात आणून देत होती. माझ्यासमोर ती आली तेव्हा नाडी ८४ होती, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन अकरा, थायरॉइड नॉर्मल. मी ऐकलं काय, तर एकवीस वर्षांची मुलगी, स्पर्धा परीक्षा, पुण्यात एकटी, झोप कमी. मी तिला प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं आणि रात्री झोपेसाठी अर्धी गोळी.

पुढच्या दोन वर्षांत ती पाच-सहा वेळा आली. दर वेळी तीच तक्रार, दर वेळी मी गोळीचं प्रमाण थोडं बदललं. एकदा तिला बाहेर बसायला सांगून मी तिच्या आईला आत बोलावलं आणि म्हणाले, "अभ्यासाचं फार मनाला लावून घेते पोरगी. जमलं तर यंदा लग्नाचं बघा. एकदा मार्गी लागली की बरी होईल."

हे वाक्य मी पूर्ण लिहिलं आहे, कारण ते मी बोलले होते. एका डॉक्टरने, तीही बाई, असं सांगितल्यावर त्या आईने काय करावं? तिने पुण्याची खोली सोडायला लावली. मुलगी घरी आली, शिलाईला बसली, दोन स्थळं बघून झाली. पूर्वपरीक्षेला ती बसलीच नाही. तिचं ते वर्ष माझ्या एका वाक्याने गेलं आणि त्याची भरपाई मला करता येणार नाही.

त्या दोन वर्षांत मी तिचा ईसीजी का काढला नाही याचा मी पुष्कळ विचार केला. तरुण मुलीची छाती उघडून सहा रबरी बल्ब लावायचे म्हटलं की आया अवघडतात, "लागतंच का मॅडम?" असं विचारतात, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला तेवढं कारण पुरतं. पुरुष डॉक्टर तर आणखीच टाळतात. पण मी बाई आहे, पडदा ओढायला दोन सेकंद लागतात. कारण तेवढंच नव्हतं. तिला काही झालेलं नाही याची मला खात्री होती आणि ती खात्री तिच्या वयातून आणि ती मुलगी असण्यातून आली होती.

दिवाळी २०१८. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तिला रिक्षातून घेऊन आली. रांगोळी काढायला वाकली आणि सुरू झालं, तीन तास झाले, थांबत नव्हतं. ओठ पांढरे, बोलताना दम लागत होता. नाडी हाताला मोजता येईना. या वेळी मशीन टेबलाशेजारी होतं. हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा बल्ब, आणि पट्टी बाहेर यायला लागली. दोन ठोक्यांमध्ये मोठे चौकोन जेमतेम दीड. तीनशेला दीडने भागलं की दोनशे. मिनिटाला दोनशे ठोके, सगळे सारखे, अरुंद, एकामागे एक दाटीने उभे. ती पट्टी हातात धरून मी उभी होते आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

धडधड थांबवायची एक साधी युक्ती मी नुकतीच वाचली होती. पेशंटला अर्धवट बसवायचं, दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज तोंडाला लावून दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायला सांगायचं, आणि लगेच आडवं करून दोन्ही पाय वर उचलून धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका चाचणीत या पद्धतीने शंभरातल्या ४३ जणांची धडधड थांबली होती, पाय न उचलता नुसतं फुंकण्याने फक्त १७ जणांची. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला मी आणि मावशींनी एकेक पाय धरला, मशीन चालू ठेवलं होतं. दाटीने उभ्या रेघा चालता चालता थांबल्या, कागदावर बोटभर सरळ रेघ आली आणि मग सावकाश, सुटे सुटे ठोके पडायला लागले. तिने मोठा श्वास घेतला. "थांबलं," म्हणाली.

मग मी शांत असतानाची पट्टी काढली, आणि तिने मला जास्त लाज आणली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज उतरायला एकच वाट असते आणि त्या वाटेवर वीज क्षणभर थांबते. कागदावर ती थांबणूक तीन ते पाच बारीक चौकोनांएवढी दिसते. काही माणसांत जन्मापासून दुसरी एक आडवाट राहून गेलेली असते. तिथे वीज थांबत नाही. त्यामुळे पट्टीवरची मधली मोकळी जागा आखडते आणि उंच रेघ सरळ उभी न राहता पायथ्याशी तिरकी सुरू होते. त्या तिरकीला डेल्टा वेव्ह म्हणतात. कधीतरी वीज एका वाटेने खाली उतरते, दुसऱ्या वाटेने वर येते आणि गोल फिरत राहते. तीच ती बटण दाबल्यासारखी धडधड. या मुलीच्या पट्टीवर डेल्टा वेव्ह इतकी ठळक होती की शिकाऊ डॉक्टरनेही ओळखली असती. म्हणजे गेल्या दोन वर्षांत कुठल्याही दिवशी, ती अगदी बरी असताना, मी पाच मिनिटं खर्च केली असती तर निदान झालं असतं.

या आजाराला वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांचं नाव आहे. त्यांनी १९३० मध्ये अकरा पेशंटचं वर्णन छापलं आणि लेखाच्या शीर्षकातच त्यांना निरोगी तरुण माणसं म्हटलं. हजारात एक ते तीन माणसांत ही आडवाट असते. बहुतेकांना काही होत नाही, काहींना धडधड होते, आणि फार क्वचित वरचे कप्पे थरथरू लागले तर ती थरथर आडवाटेने थेट खाली उतरून जीवही जाऊ शकतो. माझ्यासारखी चूक करणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, हेही मी नंतर वाचलं. १९९७ मध्ये अमेरिकेत अशा धडधडीच्या १०७ पेशंटचा मागोवा घेतला तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता, आणि बायकांच्या तक्रारीला घबराट किंवा ताण असं नाव पुरुषांच्या दुप्पट वेळा दिलं गेलं होतं. हे वाचून मला बरं वाटलं नाही. सगळेच करतात म्हणून माझी चूक लहान होत नाही.

पट्टी दाखवून मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला खरंच काहीतरी होत होतं ना?" आणि ती रडायला लागली. तिची आईही रडायला लागली. मी दोघींची माफी मागितली. तिच्या आईला मी वेगळं सांगितलं, की लग्नाबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं, ते डोक्यातून काढून टाका.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात तिची अ‍ॅब्लेशन झाली. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, आडवाट नेमकी कुठे आहे ते शोधतात आणि तेवढीच जागा तापवून बंद करतात. शंभरातल्या पंच्याण्णवच्या आसपास पेशंटमध्ये ती कायमची बंद होते. दुसऱ्या दिवशी ती चालत घरी आली. आता ती सरकारी नोकरीत आहे. तिला परत धडधड झालेली नाही.

तरुण माणसाची प्रत्येक धडधड अशी असते असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुण बायकांत सगळ्यात जास्त सापडतो तो रक्ताचा तुटवडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका अशक्त रक्ताच्या निघाल्या, आणि सहा-सात हिमोग्लोबिनवर रानात राबणाऱ्या बाईचं हृदय धडधडणारच. मग थायरॉइड. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या, हृदयाची झडप आकसलेल्या मुली आमच्या भागात अजून भेटतात, आणि त्या बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणात सापडतात. घबराटीचा झटकाही खराच आजार आहे, त्यात माणसाला आपण मरतोय असं वाटतं, त्याला नीट उपचार आहेत. त्या मुलीला मी घबराटीचं निदान केलं असं म्हणणंही बरोबर होणार नाही. निदान मी केलंच नव्हतं, मी तिची तक्रार फक्त निकालात काढली होती.

तिसरी चूक उलट्या दिशेची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये टीव्हीवरचा नट सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी गेला, ऑक्टोबरच्या शेवटी कन्नड नट पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मोबाइलवर व्यायामशाळेत, गरब्यात कोसळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ फिरायला लागले. माझी ओपीडी घाबरलेल्या पोरांनी भरून गेली. बरेच जण लशीबद्दल विचारायचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, त्यात लशीने धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. घरात असा मृत्यू झालेला असणं, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणं किंवा अतिकष्टाचा व्यायाम करणं, ही कारणं ठळक दिसली. हे तेव्हा माझ्या हातात नव्हतं. माझ्या मनात टेम्पोवाला होता.

त्यातच पोलीस भरतीची तयारी करणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. डाव्या बाजूला छातीत चमक. ईसीजी नॉर्मल. घरात कुणाला काही नाही, व्यसन नाही, धावताना त्रास नाही, चक्कर नाही. तरी मी चिठ्ठीवर हृदयविकार असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्याला साताऱ्याला टूडी इको, स्ट्रेस टेस्ट अशा तपासण्यांना पाठवलं. "रिपोर्ट येईस्तोवर पळू नकोस," म्हणाले. रिपोर्ट चांगले आले. पण ते प्रश्नचिन्ह त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तो रात्री मनगटावर बोटं ठेवून झोपायला लागला. सोळाशे मीटरचा सराव सुटला. त्याने आणखी दोन डॉक्टर केले, बापाने एक म्हैस विकली.

चार महिन्यांनी त्याला तपासताना माझ्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण डॉक्टरने छातीच्या हाडाला लागून, तिसऱ्या बरगडीच्या सांध्यावर एक बोट दाबलं. पोरगा कळवळला. "हीच ती चमक," म्हणाला. जोर काढून काढून बरगडीचा कूर्चेचा सांधा सुजला होता. पंधरा दिवस गरम शेक आणि दुखण्याची गोळी, एवढा त्याचा उपचार. मी पट्टी काढली होती, तपासण्या लिहिल्या होत्या, पण त्याच्या छातीला बोट लावलं नव्हतं. त्या वर्षीची भरती त्याची हुकली. मी त्याच्या घरी जाऊन वडिलांना सांगितलं, की तपासण्यांपर्यंत ठीक होतं, पण ते प्रश्नचिन्ह आणि पळणं बंद करायला सांगणं ही माझी चूक होती. ते काही बोलले नाहीत, चहा घ्यायला लावला.

आज मी छातीची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला आधी बोलू देते. कधी सुरू होतं, कसं थांबतं, श्रमाने वाढतं का, धावताना कधी शुद्ध हरपली का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. बोटाने दाखव म्हणते. एक बोट ठेवतो का पूर्ण तळहात फिरवतो, तेही बघते. मग पट्टी. केसपेपरवर वय आता नावापुढे नाही, खाली पत्त्यानंतर लिहितात. टेम्पोवाला महिन्यातून एकदा गोळ्यांसाठी येतो. टेम्पो विकून त्याने किराणा दुकान टाकलंय, पोती त्याचा भाऊ उचलतो. त्याला मी सगळं खरं सांगितलं आहे.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. छातीत कळ आली, घाम फुटला, तर पित्त म्हणून स्वतःचं निदान करून इंजेक्शन मागू नका आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. डॉक्टरांनी ईसीजी काढला नाही तर "मॅडम, पट्टी काढा" असं स्पष्ट म्हणा, तुमचं किंवा तुमच्या मुलीचं वय काहीही असलं तरी. धडधड चालू असेल तर ती थांबायची वाट न बघता जवळ जो दवाखाना असेल तिथे जा आणि चालू असतानाची पट्टी काढून घ्या, कारण धडधड थांबल्यावर बऱ्याच जणांची पट्टी नॉर्मल येते आणि मग डॉक्टर टेन्शन म्हणून मोकळे होतात. धावताना शुद्ध हरपली असेल तर परत पळायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. आणि पट्टी मिळाली की तिचा लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होतो. टेम्पोवाल्याची साताऱ्याची पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तिच्यावर आता जवळजवळ काहीच दिसत नाही.